पडद्यावरचं पिंपळपान

दीपमालाचं पान सोनेरी झालं तशी मंगल कार्यालयातली सगळी गर्दी एकदम उभी राहिली.

लग्नात नवरा-नवरीच्या खुर्च्या जिथं मांडतात, त्या स्टेजवर चटई टाकली होती. चटईवर दीपमाला मांडी घालून बसलेली. कपाळाला काळी पट्टी, पट्टीवर इवलासा निळा दिवा. मागं भला मोठा पडदा आणि पडद्यावर एक राखाडी पिंपळपान. पाहता पाहता त्या पानाच्या देठापासून पिवळी रेघ वर चढली, शिराशिरांत पसरली, आणि टोकापर्यंत सगळं पान असं लखलखलं की पुढच्या रांगेतल्या बायांच्या तोंडावर उजेड पडला. दीपमालाचे डोळे अर्धवट उघडे होते, पण नजर कुठंच नव्हती. काहीतरी गोड चाखत असल्यासारखे तिचे ओठ हळूहळू हलत होते. आणि चेहऱ्यावर असं हसू, की बघणाऱ्याला वाटावं, आपण आजवर जगलो ते फुकटच.

"सातोरी!" स्वतःला रोशी, म्हणजे झेनगुरू, म्हणवणारा राजानंद माईकमध्ये ओरडला. "सातोरी म्हणजे बोधी! मित्रांनो, बघून घ्या! जपानात लोक आयुष्य घालवतात तेव्हा कुठं हे दिसतं. तुमच्या अंबडात आज दिसलं!"

"साधू! साधू! साधू!" विहारात वंदनेनंतर उठतो तसा गर्दीतून आवाज उठला.

ही गर्दी बुवा-बाबांना भुलणारी नव्हती, हे आधी सांगायला हवं. बहुतेक घरं बौद्ध. छप्पन साली आज्यांनी देव्हारे सोडले, तेव्हापासून लिंबू, अंगारा, भगत यांना त्या वस्तीत पाय ठेवता आलेला नाही. भगव्या कफनीतला कुणी आला असता तर पोरांनी त्याला बसस्टँडपर्यंत पोचवला असता. पण राजानंद कफनी घालून आलाच नाही. तो लॅपटॉप घेऊन आला.

"मी चमत्कार करत नाही," तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता. गोटा केलेलं डोकं, काळा झगा, पायात मात्र महागाचे बूट. "माझ्याकडं देव नाही. माझ्याकडं डेटा आहे! झेन म्हणजे काय? आपलं ध्यान. चीनमध्ये गेलं, चान झालं. जपानात गेलं, झेन झालं. आपलाच माल, एक्स्पोर्ट होऊन, क्वालिटी चेक होऊन परत आला!"

लोक हसले, टाळ्या पडल्या.

"ही पट्टी तुमच्या मेंदूतल्या गॅमा लहरी पकडते. गॅमा म्हणजे काय? ग म्हणजे गमन, मा म्हणजे माया. मायेतून गमन! मन शून्य झालं, गॅमा उठली, की पान सोनेरी. मी सांगत नाही, मशीन सांगते."

गॅमा हे ग्रीक लोकांचं अक्षर आहे, त्याचा मायेशी काही संबंध नाही, एवढं त्या मांडवात निदान एका बाईला तरी माहीत होतं. ती तिसऱ्या रांगेत बसली होती. दीपमालासाठी सगळे उठले तेव्हा ती सगळ्यात शेवटी उठली, आणि तिच्या टाळ्यांना आवाज नव्हता.

ती सत्यशीला. दीपमालाची थोरली जाऊ.

सत्यशीला जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायची. लग्न होऊन आली तेव्हापासून रोज संध्याकाळी विहारात जाऊन बसायची. पाठ ताठ, डोळे मिटलेले, श्वासावर लक्ष. घरात कुणी आजारी असो, शाळेत तपासणी असो, बसणं चुकलं नाही. वस्तीतल्या बाया पोरींना सांगायच्या, "शिकायचं तर मॅडमसारखं बसायला शिका." तिला त्याचा अभिमान नव्हता असं कसं म्हणावं? होता. तो तिनं नीट घडी घालून आत ठेवलेला होता, एवढंच.

आणि दीपमाला? आष्टीहून लग्न होऊन आलेली, दहावी शिकलेली, मोठ्यानं हसणारी. विहारात वंदना चालू असताना चुळबुळ करणारी. कामात मधेच हरवणारी, दूध उतू घालवणारी. तिनं आयुष्यात कधी दहा मिनिटं डोळे मिटून बसून पाहिलं नव्हतं. आणि तिचं पान पहिल्याच बैठकीत सोन्याचं झालं!

सत्यशीलानं आदल्या आठवड्यात पट्टी बांधून घेतली होती. चांगला अर्धा तास बसली. श्वास इतका बारीक झाला की आहे की नाही कळेना. डोळे उघडून मागं बघते तर पान राखाडीच. देठसुद्धा पिवळा झालेला नाही.

"मॅडम, तुमच्यात अहंकार फार," राजानंद सगळ्यांसमोर हसत म्हणाला. "प्रश्न फार विचारता ना. प्रश्न म्हणजे मेंदूचा मळ."

तिचा नवरा रामकिसन शेजारीच बसला होता. तोही हसला. ते हसू तिला अजून टोचत होतं.

दीपमालाचं पान सोनेरी झालं त्या दिवसापासून घर बदललं. सकाळी उठून बघावं तर ओट्यावर बाया बसलेल्या, कुणाला दीपमालाचं दर्शन हवं, कुणाला तिच्या हाताचं पाणी. धाकटा दीर भारत बायकोकडं अशा नजरेनं बघायचा, जशी आपली नसून कुणी पाहुणी घरात आलेली आहे. त्यानं राजानंदाकडून एक पट्टी विकतच आणली आणि मोबाईलला जोडली. राजानंदानं दीपमालाला नेम घालून दिला होता: पहाटेच्या आधी उठायचं, दिवसा झोपायचं नाही, एकदाच जेवायचं, भराभर श्वास घ्यायचा. मग भाकरी कुणी करायच्या? सत्यशीलानं. शाळेला जायच्या आधी.

"तुला जड जातंय का?" रामकिसन म्हणाला.

"जड काय जायचं? साधूसंतांची सेवा करून राह्यले मी. पुण्य लागंल."

"बघ, लगेच तिरकं. तुला बघवत न्हाई तिचं."

ते खरं होतं. तिला बघवत नव्हतं, म्हणून ती सारखी बघत होती. मत्सरासारखी तीक्ष्ण नजर नसते. प्रेमानं बघणाऱ्याला सुटतं ते जळणाऱ्याला दिसतं. सत्यशीलाची खात्री झाली होती की दीपमाला नाटक करते. नाटक आहे तर कुठंतरी चूक होणार, आणि ती चूक आपण पकडायची. ती टिपत गेली. 'ते' यायच्या आधी दीपमाला नाक वर करून हुंगते, म्हणते, "जाईचा वास सुटला बघा," आणि जाईचं झाड आसपास कुठंच नसतं. मग नजर थिजते. मग ओठ चटचट हलतात, उजवा हात पदराचं सूत उपटल्यासारखा करतो. हाक मारली तर ओ नाही. भानावर आली की काही वेळ बावळटासारखी बघते, आणि मधलं काहीच तिला आठवत नाही. आठवतो फक्त सुरुवातीचा आनंद.

एका दुपारी अंगणात हे सुरू झालं तेव्हा सत्यशीलानं गुपचूप मोबाईल काढला आणि सगळं चित्रित केलं. आता बघूच, तिला वाटलं. चार शहाण्या माणसांना दाखवू. ढोंग लपत नसतं.

पुढच्या बैठकीत एक गंमत झाली. सासूबाई, झुंबरबाई, कधी नव्हे ते हट्टानं आल्या. "मलाबी बांधा ती पट्टी. सुनंला दिसलं, मला का दिसू न्हाई?" लोक हसले. राजानंदानंही मोठ्या मनानं पट्टी बांधली. म्हातारी भिंतीला टेकून बसली आणि थोड्या वेळात तिला पेंग आली. तोंडात सुपारीचं खांड होतं, ते सवयीनं चालूच. आणि पडद्यावरचं पान भसकन सोनेरी झालं! दीपमालाच्या पानापेक्षाही लख्ख.

सगळे अवाक. राजानंद मात्र धावत गेला आणि त्यानं पट्टी ओढूनच काढली. "म्हातारं शरीर आहे, इतकी ऊर्जा झेपणार नाही!"

झुंबरबाई दचकून जागी झाली. "काय झालं? जेवणं झाली का?"

सत्यशीलाला आधी रडू आलं. म्हणजे झोपलेल्या सासूलाही मिळतं, फक्त मला नाही? घरी येईपर्यंत ती तेच उगाळत राहिली. पण विज्ञान शिकवायची इतक्या वर्षांची सवय मनाच्या तळाशी कुठंतरी कुरकुरत होती. राजानंद घाबरला कशाला? पान सोनेरी झालं तर त्यानं आनंदानं नाचायला हवं होतं.

त्या विचाराचं पुढं काही व्हायच्या आत ते तव्याचं घडलं.

सत्यशीलाला त्या सकाळी शाळेत लवकर जायचं होतं, म्हणून दीपमाला भाकरी करायला बसली. सत्यशीला आतल्या खोलीत केस विंचरत होती. जळका वास आला. भाकरी करपली असंल, तिला वाटलं. पण तो वास भाकरीचा नव्हता. ती धावत गेली. दीपमाला चुलीपुढं हसऱ्या चेहऱ्यानं बसलेली होती, ओठ हलत होते, आणि तिचा डावा तळहात तापलेल्या तव्यावर पालथा टेकलेला होता.

सत्यशीलानं हात खेचून काढला. कातडी तव्याला राहिली. दीपमाला ओरडली नाही. ओरडली ती बऱ्याच वेळानं, भानावर आल्यावर. मग मात्र असं, की गल्ली गोळा झाली.

संध्याकाळी राजानंद घरी आला. त्यानं तो भाजलेला हात उचलून सगळ्यांना दाखवला.

"वेदनेच्या पलीकडं! मेंदूनं वेदना नाकारली! मित्रांनो, याला म्हणतात प्रूफ. येत्या पौर्णिमेला मोठी बैठक. दीपमालाताई ध्यानात बसतील आणि पेटत्या निखाऱ्यांवर हात ठेवतील. चॅनलवाले येणार आहेत."

"औषध लावायचं का हाताला?" भारतानं विचारलं.

"औषध म्हणजे अविश्वास," राजानंद म्हणाला.

दीपमालाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि लोक त्या पाण्यालाही हात जोडत होते. सत्यशीलाला त्या वेळी पहिल्यांदा जळण्यापेक्षा वेगळं काही वाटलं. तिला भीती वाटली. हे नाटक असेल तर ही बाई तव्यावर हात कशी ठेवील?

डॉक्टर रुखसार ही सत्यशीलाचीच विद्यार्थिनी. वडील गयासोद्दीन यांचं अंबडला कापडाचं छोटं दुकान. पोरगी शिकून डॉक्टर झाली, जालन्याला मोठ्या दवाखान्यात काम करून परत आली आणि बाजारात स्वतःचं क्लिनिक टाकलं. सत्यशीला तिच्याकडं भाजल्यावरचं मलम मागायला गेली, आणि बोलता बोलता तिनं मोबाईल पुढं केला.

"हे बघ. मला वाटतं ढोंग करून राह्यली."

रुखसारनं एकदा पाहिलं, परत पाहिलं. चेहरा गंभीर झाला.

"मॅडम, हे ढोंग न्हाई. ढोंग असतं तर बरं झालं असतं. ही फिट आहे."

"फिट? हातपाय झाडत न्हाई ती. तोंडाला फेस न्हाई."

"सगळ्या फिट तशा नसतात. इथं," रुखसारनं स्वतःच्या कानशिलावर बोट ठेवलं, "याच्या आत मेंदूचा जो भाग आहे, तिथं वास, आठवणी, भावना यांचं काम चालतं. तेवढ्यातच विजेचा गोंधळ उठला की माणसाला नसलेला वास येतो, एखाद्याला भीती वाटते, क्वचित एखाद्याला अपार आनंद होतो. मग भान जातं. ओठ चाटतात, कपडे चिमटतात. तिला आनंद होतो म्हणते ना? तो खोटा न्हाई, खरंच होतो. पण तो निर्वाणातून न्हाई, या गोंधळातून येतो."

"आणि उपाशी राहणं, जागरण?"

"तेल ओतणं आहे ते! जागरण आणि भराभर श्वास यांनीच फिट वाढतात. मॅडम, तिला आणा माझ्याकडं. जल्दी."

दीपमाला आली नाही. सत्यशीलानं तिला एकटीला गाठून समजावलं, तेव्हा ती पांढरी पडली.

"मला माहीत हाय, ताई," ती हळूच म्हणाली. "शाळेत असल्यापासून येतं मला. मायनं सांगितल्तं, कुणाला बोलायचं न्हाई, लग्न व्हायचं न्हाई. मी कायम भीत भीत राह्यले. आन् या माणसानं पहिल्यांदा म्हणलं, हे चांगलं हाय. लोक पाया पडायला लागले. आता तुम्ही म्हणता, बिमारी हाय."

"बिमारीच हाय, दीपा. औषध हाय तिला."

"तुम्हाला बघवंना म्हणून म्हणता ना?"

सत्यशीलानं मलमाची डबी तिच्यापुढं ठेवली आणि ती उठली. भारतानं तर रात्रीच्या जेवणावर स्पष्टच सांगितलं, "वहिनी, आमच्या घरात फिट काढू नका. तुमचं पान राखाडी राह्यलं, त्याचा राग तिच्यावर कशाला?" रामकिसन ताटात बघत राहिला. झुंबरबाई म्हणाली, "जळकेपणा बरा न्हाई, बाई."

पौर्णिमा जवळ येत होती.

शनिवारी शाळा सकाळची. दुपारी घरी आली तर कुणीच नव्हतं. कपाटावर भारतानं आणलेली पट्टी पडलेली. सत्यशीलानं ती बांधली आणि आपल्या मोबाईलवर राजानंदाचं ते ॲप उतरवून पट्टीशी जोडलं. भिंतीला टेकवलेल्या मोबाईलवर राखाडी पान आलं. ती बसली, श्वास पाहिला. पान राखाडी. कंटाळून तिनं पर्समधली फुटाण्याची पुडी काढली. शाळेतून येताना घेतली होती. चार फुटाणे तोंडात टाकले.

पान पिवळं झालं.

तिचं चावणं थांबलं. पान राखाडी. परत चावलं, पिवळं. मूठभर फुटाणे कोंबून जबडा जोरात चालवला, तसं सगळं पान झगझगीत सोनेरी!

ती हसायला लागली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. मग तिनं तोंड पुसलं आणि एकेक करून पाहिलं: डोळ्यांची उघडझाप, थोडं पिवळं. भुवया उंचावल्या, जास्त पिवळं. दात घट्ट आवळले, सोनं. मन वाट्टेल तिकडं भटकत असताना आवळले, तरी सोनं.

"बराबर आहे," रुखसार फोनवर म्हणाली. "मेंदूची वीज फार बारीक असते, तिच्यापुढं जबड्याच्या आणि कपाळाच्या स्नायूंची वीज म्हणजे ढोल. आम्ही मेंदूचा आलेख काढतो तेव्हा पेशंटला आधीच सांगतो, जबडा सैल सोडा. आणि आलेखात स्नायू शिरला तर तो भाग बाजूला काढतो. या माणसानं उलट केलं. स्नायूंनाच गॅमा म्हणून विकलं."

"म्हणजे दीपाचे ओठ हलतात म्हणून..."

"म्हणून पान सोनेरी. आणि तुमचं राखाडी का राहिलं कळलं का, मॅडम? तुम्ही खरंच शांत बसता. तुमचा जबडा हालतच न्हाई."

सत्यशीलानं फोन ठेवला. त्या मांडवात खरोखर स्थिर बसलेल्या बाईलाच मशीननं नापास केलं होतं.

पौर्णिमेच्या संध्याकाळी मंगल कार्यालय ओसंडून वाहत होतं. स्टेजवर पितळी शेगडीत निखारे. दीपमाला पांढऱ्या साडीत, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, भाजलेल्या हाताला फडकं. राजानंदानं आधी साहेबरावांना बसवलं. साहेबराव म्हणजे बियाण्याचे मोठे व्यापारी आणि बैठकांच्या समितीचे अध्यक्ष. त्यांचं पान नेहमीसारखं सोनेरी झालं. टाळ्या. मग राजानंद दीपमालाकडं वळला.

सत्यशीला स्टेजवर चढली. मागोमाग रुखसार.

"मॅडम, खाली बसा," राजानंद हसून म्हणाला. "मित्रांनो, या ताईंच्या मनात काय आहे, अख्ख्या अंबडला माहीत आहे."

"बराबर बोलले ते," सत्यशीला माईकशिवायच बोलली. वर्गात आवाज पोचवायची सवय होती. "मी जळते दीपावर. ज्या गोष्टीसाठी मी इतकी वर्षं बसले ती तिला फुकट मिळाली, असं मला वाटलं. माझ्या पोटात आग पडल्ती. म्हणून माझ्या शब्दावर बिलकुल विश्वास ठेवू नका. पडद्याकडं बघा."

तिनं साहेबरावांच्या कपाळाची पट्टी काढून स्वतःला बांधली आणि तोंडात फुटाणे टाकले.

कट्. कट्. कट्. मांडवात तेवढाच आवाज. पडद्यावरचं पान सोनेरी झालं.

"मला झालं बघा निर्वाण," ती चावता चावता म्हणाली. "फुटाण्याचं."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं.

"नकारात्मक लहरी!" राजानंद ओरडला. "मशीन बिघडवलं हिनं!"

"मंग मशीन चालू करा परत. साहेबराव, तुमच्या कानात यांनी एक गुप्त मंत्र सांगितला असंल ना? दात आवळून 'म्म्ं' म्हणायचं?"

साहेबरावांचा चेहरा पडला. "तुम्हाला कसं माहीत?"

"मला सांगितला न्हाई. मी प्रश्न विचारते म्हणून. पण बसल्यावर तुमचा जबडा आवळलेला दिसतो, 'म्म्ं' पुढच्या रांगांत ऐकू येतं. आता तोच मंत्र तोंड उघडं ठेवून म्हणा."

साहेबराव व्यापारी माणूस; आपण फसलो का, हे त्यांनाही बघायचं होतं. पट्टी बांधून, तोंडाचा आ करून ते मनापासून "आं..." करत बसले. पान राखाडी. तोंड मिटून दात आवळले, सोनेरी. परत आ, राखाडी. आता हसू मांडवभर पसरलं. झुंबरबाईनं तोंडातल्या सुपारीला हात लावला आणि मोठ्यानं म्हणाली, "अरं मुडद्या! म्हंजी माझं पान सुपारीनं पिकल्तं व्हय!"

आणि त्याच हशात दीपमाला कोसळली.

या वेळी हसू नव्हतं, वास नव्हता. अंग ताठ झालं, डोळे फिरले, हातपाय झटके देऊ लागले. हसणारे गप्प झाले. राजानंदानं ती संधी सोडली नाही. "महासमाधी! कुणी हात लावू नका!" आणि खरंच, पुढच्या रांगेतले हात जोडले गेले. थोड्या वेळापूर्वी फुटाण्यावर हसलेल्या लोकांचेच ते हात.

सत्यशीलानं लाथेनं शेगडी दूर सारली. निखारे फरशीवर सांडले. ती दीपमालाजवळ गुडघ्यावर बसली, डोक्याखाली आपला पदर घडी करून घातला. रुखसारनं दीपमालाला कुशीवर वळवलं. कुणी चप्पल घेऊन धावलं, हुंगवायला. कुणी चमचा दातांत घालायला आलं.

"काही नको!" रुखसार म्हणाली. "तोंडात काही घालू नका, दाबून धरू नका. हवा येऊ द्या. थांबंल हे."

ते थांबलं. पण थांबेपर्यंतचा तो वेळ सगळ्या मांडवानं पाहिला: ओल्या झालेल्या साडीतली, चावलेल्या जिभेतून रक्त येणारी बाई, आणि तिला जवळ घेऊन "दीपा, हाय मी, हाय मी" म्हणणारी तिची जळकी जाऊ. भारत स्टेजच्या पायरीवर बसून लहान पोरासारखा रडत होता. राजानंद लॅपटॉप आवरत होता. साहेबरावांनी त्याच्या झग्याची बाही धरली आणि सोडली ती पोलीस आल्यावरच. दुसऱ्या दिवशी भारतानं स्वतः ठाण्यात जाऊन जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार लिहून दिली.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण दीपमाला आठवडेच्या आठवडे सत्यशीलाशी बोलली नाही. जालन्याला तिच्या मेंदूचा आलेख काढला, गोळ्या सुरू झाल्या, फिट थांबल्या. ओट्यावर आता कुणी येत नव्हतं. ती भाकरी करायची, धुणं धुवायची, आणि मुकाट्यानं बसायची. एक दिवस सत्यशीला शाळेतून आली तर दीपमाला गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन दारातच उभी.

"ताई, तो उजेड गेला माझा."

सत्यशीलानं पर्स खाली ठेवली.

"असं वाटायचं, सगळं जग माझं हाय आन् मी कुणाची तरी लाडकी हाय. तसं आता कधीच वाटत न्हाई. तुम्ही जळून केलं ना हे?"

"सुरुवात जळूनच केली," सत्यशीला म्हणाली. "आत्तासुद्धा तू सांगतीस तर मला हेवा वाटतो. मला ते कधीच वाटलं न्हाई, दीपा. एकदासुद्धा न्हाई."

दीपमाला म्हणाली, "मला एक सांगा. तोबी मशीन दाखवायचा. डॉक्टरबी मशीनच दाखवती. त्याचं खोटं आन् हिचं खरं, हे मी कशावरून धरू? तुम्ही म्हणता म्हणून?"

इतकी वर्षं विज्ञान शिकवताना कुठल्याही पोरानं सत्यशीलाला इतका चांगला प्रश्न विचारला नव्हता.

"माझ्या म्हणण्यावर न्हाई. चल, तिलाच विचार. जे मनात येईल ते विचार. ती चिडली तर गोळ्या फेकून दे, मी काही म्हणणार न्हाई."

रुखसारच्या क्लिनिकमध्ये दीपमालानं सगळं विचारलं. पट्टी आणि हा आलेख यात फरक काय? रुखसारनं आलेखाची कागदं पसरली, कुठल्या रेषा जबड्याच्या आणि कुठल्या मेंदूच्या, हे दाखवलं, आणि म्हणाली की मनात शंका असेल तर हीच कागदं दुसऱ्या डॉक्टरला दाखवा, माझं नाव सांगू नका, ते काय म्हणतात बघा. गोळ्यांचा त्रास काय होतो, तेही लपवलं नाही. ध्यानाला बसायला हरकत नाही. माणूस शांत बसला की मेंदू बदलतो, हे खरंच आहे, आणि त्याचा अभ्यासही चालू आहे. फक्त झोप मोडून, उपाशी राहून नको.

शेवटी दीपमालानं विचारलं, "मंग बाकीच्यांना नुसती भीती वाटते म्हणता, मला आनंदच का वाटायचा?"

रुखसारनं आलेखाची कागदं गोळा केली.

"माहीत न्हाई," ती म्हणाली. "काही अंदाज आहेत. पण पुरतं अजून कुणालाच माहीत न्हाई."

दीपमाला किती दिवसांनी मोठ्यानं हसली. सत्यशीलाकडं वळून म्हणाली, "ताई, तो माणूस इतका बोलला, पण 'माहीत न्हाई' हे एकदाबी म्हणला न्हाई बघा."

दहावी शिकलेल्या या बाईला जे कळलं, ते मांडवातल्या पदवीधरांना कळलं नव्हतं. राजानंद पुन्हा कुठल्या तरी गावात, दुसऱ्या नावानं, दुसरी पट्टी घेऊन येईलच. तो शास्त्राचे शब्द वापरेल, आपल्याच धर्माचं नाव घेईल, आणि पडद्यावर खरोखर काहीतरी चमकेल. त्या वेळी पडद्याकडं बघताना त्याच्याकडंही बघा. त्याला प्रश्न विचारा. तपासायला ती पट्टी हातात मागा. तो रागावला, की उठून घरी या. आणि शेजारची एखादी जळकी बाई म्हणाली की यात काहीतरी गडबड आहे, तर तिच्या पोटात काय आहे ते शोधत बसू नका. ती काय म्हणते, ते करून बघा.